जात्यावरचा देव

सुरुवात एका राजापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती, संगीत... त्या काळचा विश्वकोशच म्हणा ना. त्यात गाण्यांबद्दल लिहिताना राजेसाहेब जाता जाता एक नोंद करून जातात, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. बस्स, एवढंच. एक वाक्य आणि पुढचा विषय.

पण हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये, म्हणजे या नोंदीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. ओवी म्हटलं की आपल्याला शाळेपासून ज्ञानेश्वर आठवतात. पण ग्रंथातली ओवी ही बायकांच्या कामाच्या गाण्यातून आली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोडक्यात काय, तर ज्या बायकांना वेद ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्याच हातातल्या लयीत मराठीतलं सगळ्यात मोठं तत्त्वज्ञान सांगितलं गेलं!

आता मुख्य प्रश्न. मुंज नाही, संस्कृत नाही, वेद नाही, पौरोहित्य नाही. अधिकृत धर्माने असं दार लावून घेतल्यावर बायकांचा देव राहायचा कुठे? गेले काही वीकेंड मी याच विषयावर वाचत होते, आणि वाचता वाचता लक्षात आलं की उत्तर तसं समोरच आहे. तो जात्यापाशी येऊन बसला.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी जातं पाहिलंय ते लग्नघरी हळद दळायच्या विधीत नाहीतर म्युझियममध्ये. त्यामुळे थोडं सांगायला हवं. दोन दगडी तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा, समोरासमोर बसलेल्या दोघी. घरातलं पीठ रोज दळायचं, तेही पहाटे, बाकी घर झोपलेलं असताना. काम अतिशय कष्टाचं. पण बाईला दिवसभरात कुणाची नजर नसलेले एवढेच तास मिळायचे. तिथे सासू नाही, नवरा नाही, भटजी तर नाहीच. तिथे ती जे बोलायची ते ओवीत बोलायची, आणि जात्याची घरघर एवढी की बाहेर कुणाला धड ऐकूही जायचं नाही.

या घरघरीतून जो देव तयार झाला तो देवळातल्या देवापेक्षा बराच वेगळा आहे.

तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाचं उदाहरण आधी घेऊ. चक्रधरस्वामींनी स्त्रियांना शिष्या म्हणून घेतलं. त्यांतल्या महदाइसेचे 'धवळे' प्रसिद्ध आहेत, तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. धवळे म्हणजे लग्नात बायका गातात ती गाणी. तिने रुक्मिणीच्या लग्नाची कथा सांगायला साहित्यिक प्रकार न घेता बायकांच्या तोंडातलाच प्रकार घेतला. याच पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आणखी एक भारी गोष्ट येते. चक्रधरांनंतरचे आचार्य नागदेव यांचा शिष्य केशोबास संस्कृतात रचना करत होता. नागदेवांनी त्याला थांबवलं. कारण काय? तर त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. विचार करा, पंथाचं वाङ्मय कुठल्या भाषेत असावं हे ठरवताना निकष लावला तो न शिकलेल्या म्हाताऱ्या शिष्यांचा! आपल्याकडे साध्या ॲपची भाषा ठरवतानाही इतका विचार होत नाही.

त्यानंतर जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढलेली. नामदेवांच्या गाथेत तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. त्यात विठ्ठल काय काय करतो? तिच्याबरोबर दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. लहानपणी मला ही चमत्काराची गोड गोष्ट वाटायची, सिनेमात दाखवतात तशी. आता वाचताना वेगळंच दिसतं. दासीच्या वाट्याचं काम कुणी वाटून घेत नाही. नवऱ्याने बायकोचे केस विंचरावेत अशीही पद्धत नव्हती. म्हणजे जनाबाईने देवाकडे मोक्ष वगैरे मागण्याआधी मागितलं ते घरातल्या कुणीही न दिलेलं: कामात भागीदारी आणि थोडी माया. आणि भांडण झालं तर ती त्याला शिव्याही घालते, अगदी हक्काने. एका अभंगात तर ती डोक्यावरचा पदर खाली घेऊन, टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जायची भाषा करते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला वारकऱ्यांना आजही जनाबाईचं जातं दाखवतात. दासीचं जातं तीर्थ झालंय, ही काही लहान गोष्ट नाही.

सोयराबाईचा मुद्दा याहून टोकदार. ती चोखामेळ्याची बायको, म्हणजे स्त्री आणि त्यात अस्पृश्य मानलेल्या जातीतली. देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेशच नाही. तिने विटाळावर जो युक्तिवाद केलाय तो एखाद्या चांगल्या वकिलाला शोभेल असा आहे. विटाळ देहाचा म्हणता ना? मग देह कशातून जन्मला? आईच्या ज्या रक्ताला तुम्ही विटाळ म्हणता, त्याच्याशिवाय जन्मलेला एक तरी माणूस दाखवा. चौदाव्या शतकात, शिक्षणाचा वाराही न लागलेली बाई हे म्हणते! आपल्या कित्येक घरांत 'चार दिवस' देवघराकडे फिरकायचं नाही हा नियम एमबीए झालेल्या सुनाही पाळतात, तेव्हा मला सोयराबाई हटकून आठवते.

आता कुणी म्हणेल, छान आहे सगळं, पण या बायकांना याची किंमत काय मोजावी लागली? तर त्यासाठी संत बहिणाबाई वाचावी. (ही सतराव्या शतकातली. 'अरे संसार संसार'वाल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, १८८० ते १९५१. गंमत म्हणजे त्याही निरक्षर आणि त्यांची कविताही घरकाम आणि शेतकाम करताना जन्मलेली.) संत बहिणाबाईचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. तिने स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांत सांगून ठेवली आहे. त्या काळातल्या बाईने स्वतःबद्दल स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं इतकं सविस्तर दुसरं काही मराठीत मला तरी माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. घरची परिस्थिती बिकट म्हणून गाव सोडून भटकंती, शेवटी कोल्हापूर. तिथे तिला कीर्तनाचं वेड लागतं. जयरामस्वामींच्या कीर्तनात तिचं आणि तिच्या लाडक्या वासराचं कौतुक होतं, गावात चर्चा होते, आणि नवरा तिला बेदम मारतो. तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची. पुढे ते वासरू मरतं, ती कित्येक दिवस शुद्धीत नसते आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसतात, मंत्र देतात. साल १६४०. ब्राह्मण घरातल्या मुलीचा गुरू कोण, तर देहूचा कुणबी वाणी! नवऱ्याच्या परवानगीशिवाय, जातीच्या उतरंडीच्या विरुद्ध, आणि तोही प्रत्यक्ष न भेटलेला.

नवरा संतापून घर सोडायला निघतो. पण तेवढ्यात आजारी पडतो आणि मग नरमतो. शेवटी दोघंही देहूला जातात. तिथेही मंबाजी नावाचा गृहस्थ छळतोच.

बहिणाबाईत मला सगळ्यात जास्त काय खिळवून ठेवतं माहीत आहे? ती संसार सोडत नाही. उलट तिने पतिव्रताधर्मावरही अभंग लिहिलेत, नवऱ्याची सेवा हाच देव वगैरे. आणि तीच बाई म्हणते की वेद ऐकण्यापासून बायकांना दूर ठेवलंय. तीच 'वज्रसूची'च्या आधाराने विचारते की ब्राह्मण जन्माने ठरतो की आणखी कशाने. दोन्ही एकाच गाथेत! काहींना हा विरोधाभास वाटतो, मला नाही वाटत. ज्या घरात राहायचंय तिथले नियम आणि स्वतःला कळलेलं सत्य, दोन्ही एकाच डोक्यात वागवायची कसरत आपल्या आयांनी, मावश्यांनी केलेली आपण पाहिली आहेच की. १७०० साली शिऊरला मृत्यूपूर्वी तिने मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. ज्या बाईची ओळख आयुष्यभर अमक्याची मुलगी, तमक्याची बायको अशी, ती म्हणते की माझा प्रवास या घरात सुरू झाला नाही आणि इथे संपणारही नाही. पुनर्जन्मावर तुमचा विश्वास असो-नसो (माझा नाही), पण यामागचा आत्मसन्मान जाणवतो की नाही?

बरं, या झाल्या नाव मिळालेल्या बायका. बाकीच्या लाखोंचं काय? इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते, कारण पुढची गोष्ट एका डेटाबेसची आहे. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० च्या दशकात सहकाऱ्यांच्या मदतीने खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक येऊन मिळाले, रेकॉर्डिंग झालं, ओव्यांचं विषयवार वर्गीकरण झालं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या! २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा संग्रह लोकांपुढे आणला आहे. इतक्या सामान्य बायकांच्या मनाची एवढी मोठी नोंद मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

आणि त्यात काय आहे? त्यात सीता आहे, वनवासात बोरी-बाभळींना आपलं दुःख सांगणारी. त्यात राम सीतेच्या तोडीचा नव्हता, मनाने हलका होता, असं सरळ म्हणणाऱ्या ओव्या आहेत. रामाचं नाव घेऊनच जात्यावर बसणाऱ्या बाईने दिलेला हा निकाल आहे बरं का. त्यात जनीवरून विठ्ठलाशी भांडणारी रुक्मिणी आहे. म्हणजे देवांच्या घरातही तेच चालतं जे आपल्या घरात, आणि कोण चुकलं हे बायका ठरवतात.

त्यातच भीमाच्या ओव्याही आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या ओव्यांत बुद्ध आहे, भीमराव आहेत, रमाबाई आहेत. ज्या दगडावर आजीने विठ्ठल गायला, त्याच दगडावर नातीने बाबासाहेब गायले. इथे देवाला नुसतं घरात बोलावणं नाही, अपमान करणारा धर्मच सोडून देणं आहे. चाल तीच, पण निर्णय पूर्ण नवा. सोयराबाईने विचारलेल्या प्रश्नाला सहाशे वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे असं मला वाटतं.

म्हणूनच या सगळ्याचं नुसतं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. जात्यावरच्या देवाने बायकांना बळ दिलं, सोबत दिली, पण हक्क नाही दिला. जनाबाई दासीच राहिली. बहिणाबाईचा मार थांबला तो नवरा आजारी पडला म्हणून, कुठल्या कायद्याने नाही. पंढरपूरच्या देवळात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत अधिकार संपायला २०१४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि त्यानंतर मंदिर समितीने पुजारीपदासाठी बायकांना आणि सगळ्या जातींच्या उमेदवारांना मुलाखतीला बोलावलं. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला २०१६ च्या गुढीपाडव्याला, तोही आंदोलन आणि हायकोर्टानंतर. नुसत्या गाण्याने देवळाचं दार उघडत नाही.

पण हेही तितकंच खरं, की आठ-नऊशे वर्षं दार बंद असताना 'देव तुमच्या एकट्याचा नाही' हे कुणीतरी पहाटे अंधारात एकमेकींना सांगत होतं. ती आठवण टिकली नसती तर कोर्टात जायचं सुचलं तरी असतं का?

गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. ते एका परीने बरंच झालं. रोज पहाटे उठून घरभराचं दळण कुणी दळावं असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त खांद्यावरचं ते ओझं गेलं तेव्हा बायकांची ती हक्काची जागाही गेली. आपल्यापैकी कुणाच्या घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल, तर तिला एवढंच विचारा, तुला ओव्या येतात का? पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. जरा वेळ थांबा. आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला सांगून.