स्कॅनवरचा ठिपका आणि काचपट्टीवरचा तुकडा

मेंदूच्या ट्यूमरच्या इमेजिंगवर पीएचडी करायचं मनात असेल, तर पहिल्या भेटीतच गाईड विचारतील: स्कॅनवर जे दिसतंय ते खरं कशावरून? आपण पटकन म्हणतो, "पॅथॉलॉजी रिपोर्टवरून." उत्तर बरोबर आहे. पण स्कॅन आणि पेशींचा तुकडा यांची तुलना कशी करायची हे डॉक्टर हळूहळूच शिकले, आणि त्यातला मोठा धडा आपल्या देशातला आहे.

आटपाडी-खानापूरकडच्या वाचकांना वेगळं समजवायला नको. इथल्या कितीतरी घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीयत. कसाच्या दगडावर रेघ ओढली की सोन्याचा अंदाज येतो, पण वरून मुलामा असेल तर दगड फसतो. आटवल्यावरच आत काय आहे ते कळतं. मेंदू मात्र आटवून बघता येत नाही. सुईएवढा तुकडा काढायचा तरी जोखीम असते. म्हणून रेघेवर किती विसंबायचं, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी येतो.

सीटी स्कॅनच्या आधी डॉक्टरांकडे फार थोडं होतं. 1918 मध्ये वॉल्टर डँडीने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्सरे काढले, 1927 मध्ये एगाश मोनिझने रक्तवाहिन्यांत औषध सोडून. दोन्हींत गाठ सरळ दिसत नसे, तिने बाजूला ढकललेलं काय ते दिसे. गाठ कुठे आहे ते कळायचं, कशाची आहे ते नाही. आपल्याकडे हा घोळ जास्तच, कारण मेंदूत टीबीच्याही गाठी होतात. 1965 मध्ये मुंबईच्या दस्तूर आणि देसाई यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात टीबीच्या गाठी आणि ग्लायोमा यांची तुलना छापली, प्रत्येकी 107 रुग्णांच्या नोंदींवरून. एक आजार औषधाने आटोक्यात येण्यासारखा, दुसरा बहुतेकदा परत उलटणारा, आणि डोकेदुखी, उलट्या, फिट मात्र दोन्हींत.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये विम्बल्डनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. एका बाईंच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ दिसली आणि ऑपरेशनमध्ये ती तशीच सापडली. आता वाटलं, प्रश्न मिटला!

मिटला नव्हता. पुढे भारतात सीटी आल्यावर फिट येणाऱ्या रुग्णांच्या स्कॅनवर एकच छोटा, कडा उजळणारा ठिपका वारंवार दिसू लागला. आपल्याकडे टीबी खूप, तेव्हा टीबीच असणार, असं धरून अनेकांना महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली गेली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की ठिपका गायब. म्हणजे औषध लागू पडलं!

इथं थांबा. तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? औषध न घेतलेल्यांचं काय झालं? 1985 मध्ये सेठी आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण मांडले, ज्यांचे ठिपके टीबीच्या औषधांशिवायच, फक्त फिटच्या गोळ्यांवर नाहीसे झाले होते. मग काहींना वाटलं, हा डाग फिटमुळेच उमटत असेल. एका ठिपक्याचे तीन अर्थ, आणि स्कॅन तिन्हींना होकार देणारा.

निकाल लावला तो तुकड्याने. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं की त्यात पट्टकृमीची अळी सापडतेय. (मांस न खाणाऱ्यांनाही हे होतं बरं का. कृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून, भाजीवरून पोटात जातात.) पण मला त्यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. 1993 मध्ये त्यांनी निकष दिले: ठिपका एकच, 20 मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं नाहीत, अशक्तपणा वाढत जात नाही, तर बहुधा ती अळीच. म्हणजे तुकड्याने स्कॅनला शिकवलं, आणि त्यानंतरच्या कित्येकांचं डोकं उघडायची गरज राहिली नाही.

ग्लायोमात गोष्ट इतकी सरळ नाही. 1987 मध्ये अमेरिकेत पॅट्रिक केली यांच्या गटाने 40 रुग्णांच्या मेंदूतून, स्कॅनवर जागा मोजून, 195 नमुने घेतले. स्कॅनवर उजळलेल्या भागाची कडा संपल्यावरही, नुसती सूज वाटावी अशा जागी, सुट्या ट्यूमर पेशी होत्या. म्हणजे आपण संगणकावर आखतो ती हद्द गाठीची हद्द नव्हेच. शिवाय एकाच गाठीत एक कोपरा सौम्य आणि दुसरा आक्रमक असू शकतो. सुई सौम्य कोपऱ्यात गेली तर रिपोर्टही सौम्यच येणार.

त्यामुळे डेटा हातात आला की आधी शोधा: नमुना स्कॅनवरच्या नेमक्या कुठल्या बिंदूतून घेतला? स्कॅन आणि ऑपरेशनच्या मधे किती दिवस गेले? मधे स्टेरॉइड दिलं होतं का? त्याने उजळपणा कमी होतो. आणि रिपोर्ट कुठल्या वर्षीचा, हेही बघा. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाआधी आयडीएच जनुकात बदल असलेल्या काही गाठींनाही ग्लायोब्लास्टोमा म्हणत. आता त्यांचं नाव अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड 4. जुन्या यादीत त्या अजून जुन्याच नावाने बसलेल्या असतील.