आंबेडकरांचा परदेशातील अभ्यास

आंबेडकरांचा परदेशातील अभ्यास : (1913–23). भीमराव रामजी आंबेडकर यांनी परदेशात केलेला अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र व कायदा यांचा एकत्रित अभ्यास. त्यांच्या इंग्रजी शिक्षणाची सुरुवात साताऱ्याच्या सरकारी शाळेत झाली. तेथे 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव दाखल झाले.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांची विषयांची निवड आजच्या आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही आदर्श ठरावी अशी आहे : अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानवशास्त्राचे 4 व राज्यशास्त्राचे 3 वर्ग, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. अर्थतज्ज्ञ सेलिग्मन व तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक होते. 1915 मध्ये ते एम.ए. झाले.

1916 मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व कायद्याच्या शिक्षणासाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्ती संपल्याने पुढच्याच वर्षी परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेली पुंजी व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य यांवर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्सी. मिळाली, त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले.

रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लंडनमध्ये लिहिलेला प्रबंध 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. सुवर्ण विनिमय परिमाणाची (चलन थेट सोन्याशी न जोडता सोन्यावर आधारलेल्या परकीय चलनाशी जोडण्याच्या पद्धतीची) अर्थतज्ज्ञ केन्सने केलेली तरफदारी त्यांनी त्यात खोडून काढली. भारतीय चलनविचारातला हा ग्रंथ आजही अव्वल ठरतो. या शिक्षणाची सुरुवात जिथे झाली, ती साताऱ्याची शाळा आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि 2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा त्यांचा शाळाप्रवेशाचा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.