मोठ्या कागदावरची प्रत

जुळवून तयार असलेला मजकूर मोठ्या आकारात काढायचा असेल, तर कागद मोठा घेतला की झाले, असे छपाईच्या धंद्याने फार काळ धरून चालवले. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकाच पुस्तकाच्या दोन तऱ्हेच्या प्रती काढण्याची चाल होती. साध्या कागदावरच्या प्रती सर्वांसाठी असत आणि ‘लार्ज पेपर’ म्हणून मिरवणाऱ्या मोजक्या, महाग प्रती शौकिनांसाठी. दोन्हींत खिळे तेच, ओळी त्याच, वाढे तो फक्त समास. संग्राहकांनी या प्रती डोक्यावर घेतल्या. इतक्या, की १८०९ साली ग्रंथसूचीकार डिब्डिनने ग्रंथवेडाची लक्षणे सांगितली त्यांत या हव्यासाचाही समावेश केला. माझ्या मते मात्र यांतल्या बहुतेक प्रतींना मोठे पुस्तक म्हणताच येणार नाही. ते लहानच पुस्तक, भोवती जास्त कोरा कागद ठेवलेले.

असे का होई, हे छापखान्यात उभे राहून पाहिले तर कळते. शिशाचा खिळा ताणता येत नाही. जुळाऱ्याने अक्षर अक्षर वेचून ओळी लावल्या, पाने बांधली, ती लोखंडी चौकटीत बसवून मधल्या मोकळ्या जागेत लाकडी पट्ट्या ठोकल्या, की फर्मा तयार. दोन पानांमधली पट्टी म्हणजे बांधणीकडचे दोन्ही समास मिळून होणारी जागा. मोठा ताव याच फर्म्यावर टाकला तर वाढलेला सगळा कागद बाहेरच्या कडांना जातो आणि मजकूर शिवणीकडे लोटल्यासारखा दिसतो. काळजी घेणारे मुद्रक फर्मा सोडून पट्ट्या बदलत आणि समास नव्याने वाटून घेत. पण मजकुराचा ठोकळा होता तेवढाच राही. पुन्हा जुळणी करायची तर मजुरी दुप्पट, शिवाय खिळे अडकून पडत. तेव्हा या पद्धतीला मुद्रकाचा आळस कारण नव्हता. खर्चाच्या हिशेबाने त्याचे हात बांधलेले होते.

इंग्रज कवी पोपच्या ‘इलियड’ भाषांतराचा (१७१५–२०) व्यवहार या बाबतीत फार बोलका आहे. वर्गणीदारांसाठी क्वार्टो (ताव दोनदा दुमडून होणाऱ्या) आकाराची प्रत होती, एका खंडाला एक गिनी. सॅम्युअल जॉन्सनने पोपच्या चरित्रात नोंदवले आहे की प्रकाशक लिंटॉटने तीच पाने छोट्या फोलिओ (एकदाच दुमडलेल्या, उंच) कागदावर छापून अर्ध्या गिनीला विकली आणि २५० प्रती रॉयल फोलिओ कागदावर काढून त्यांना दोन गिन्या लावल्या. एकाच जुळणीला अशा तीन किमती. पुढची नोंद त्याहून महत्त्वाची: या छोट्या फोलिओंचा वरचा-खालचा कागद कापून त्या वर्गणीदारांच्या प्रती म्हणून खपवल्या गेल्या. कात्री लावली की फोलिओ क्वार्टो म्हणून चालते, याचा अर्थ मुळात वाढला होता तो कागदच.

या चालीवर नेमके बोट ठेवले इंग्रज कलावंत आणि मुद्रक विल्यम मॉरिसने, १८९३ सालच्या ‘द आयडियल बुक’ या व्याख्यानात. समोरासमोरची दोन पाने हे पुस्तकाचे खरे एकक, हे त्याचे गृहीतक. बांधणीकडचा समास सर्वांत लहान, त्याहून वरचा मोठा, त्याहून बाहेरचा आणि सर्वांत मोठा खालचा. मध्ययुगीन पुस्तकांत प्रत्येक टप्प्याला सुमारे २० टक्क्यांची वाढ आढळते, असे तो सांगतो. म्हणजे आतला समास १० मिलिमीटर असेल तर वरचा १२, बाहेरचा साडेचौदाच्या आसपास, खालचा सव्वासतरा. हे प्रमाण एका कागदावर जुळले तर दुसऱ्यावर बिघडणारच. मग मोठी प्रत नीट केली तर साधी बिघडते, आणि साधी नीट केली तर जास्त पैसे मोजणाऱ्याच्या हाती वाईट पुस्तक पडते.

यावर कोणी म्हणेल, रुंद समास अभ्यासकाला टिपणांसाठी हवाच असतो. मान्य, पण ती गरज असेल तर समास त्या हेतूने आखावा, आणि ज्या प्रतींची पाने कापायलाही मालक धजत नसत, त्यांत टिपणे कोण लिहिणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आता अक्षरांसकट अख्खे पानच मोठे करता येते. १९२२ साली जर्मनीत ठरलेल्या ‘ए’ मालिकेत प्रत्येक आकाराच्या बाजूंचे प्रमाण एकच असते, त्यामुळे ए५ चे पान १४१ टक्क्यांनी वाढवले की ए४ तंतोतंत भरते आणि समासही प्रमाणात राहतात. भूमितीपुरते हे निर्दोष आहे. परंतु १० पॉइंटचे अक्षर १४ पॉइंटचे होते, आणि पुस्तक धरणारा हात काही लांब होत नाही. भिंतीवरच्या तक्त्याला किंवा अधू दृष्टीच्या वाचकाला ते उपकारक. एरवी एवढे अक्षर वाचताना डोळा उगाच रखडतो. अक्षर १० पॉइंटचेच ठेवून ओळ लांबवावी, तर एका ओळीच्या शेवटाहून दुसरीच्या आरंभाला येताना नजर चुकते.

मॉरिसने मोठे पान कसे हाताळले, ते त्याच्या केल्मस्कॉट छापखान्याने १८९६ साली काढलेल्या, कवी चॉसरच्या ग्रंथावलीत दिसते. त्याच्याकडे १८ पॉइंटचा ट्रॉय खिळा तयार होता, पण भव्य फोलिओवर दोन स्तंभ बसवायला तो मोठा पडत होता. तेव्हा त्याने तेच वळण १२ पॉइंटात पुन्हा कोरवून घेतले आणि त्या खिळ्यात मजकूर दोन स्तंभांत जुळवला. कागदावरच्या ४२५ प्रती निघाल्या, त्या या नव्या जुळणीच्या.