खुर्ची कोणाच्या मर्जीने चालते?

खुर्चीला चाके लावणे ही तशी जुनीच युक्ती. पण खुर्चीला चाके असणे वेगळे आणि ती बसणाऱ्याच्या मर्जीने चालणे वेगळे. या दोहोंमधले अंतर कापायला माणसाला तीनशे वर्षे लागली.

जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. पायांनी अधू. त्याने १६५५ साली स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली. हाताने दांडा फिरवायचा, की दातेरी चाके फिरत आणि गाडी पुढे जाई. पुढे अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाणकामाच्या इंजिनिअराला अपघातात पाय गमवावे लागल्यासारखेच झाले. मग त्याने आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज याने पोलादी नळ्यांची, घडी घालून मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची केली. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले. दोन्ही शोध मोठेच. पण दोन्हींना धडधाकट हात लागत.

मग ज्याची मान मोडली आणि हातही गेले, त्याने काय करावे? खरे सांगायचे तर दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा प्रश्न कोणी विचारीतच नसे, कारण असा रोगी फार दिवस जगत नसे. पाठीला पडलेले व्रण चिघळत, मूत्रमार्ग दूषित होई आणि त्यातच त्याचा अंत होई. पेनिसिलीन आले, इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे १९४४ पासून डॉक्टर लुडविग गुटमन यांनी शुश्रूषेची शिस्त घालून दिली आणि माणसे जगू लागली. पण जगायचे कसे? दुसऱ्याने ठेवले तिथे, ठेवले तसे?

कॅनडातील जायबंदी सैनिकांना हे मान्य नव्हते. त्यांनी १९४५ साली आपली संघटनाच काढली. अशा सैनिकांसाठी तेथील राष्ट्रीय संशोधन मंडळातील इंजिनिअर जॉर्ज क्लाइन यांनी विजेची खुर्ची तयार केली. तिचे मर्म सोपे आहे. डाव्या चाकाला एक मोटार, उजव्याला दुसरी. गाडीचा एक बैल थबकला आणि दुसरा चालत राहिला, की गाडी वळते ना? तसेच हे. आणि कासरा म्हणून एक छोटा दांडा. तो जिकडे कलवावा तिकडे खुर्ची जाई. त्याला आता आपण जॉयस्टिक म्हणतो. १९५५ मध्ये कॅनडाने ही नमुन्याची खुर्ची अमेरिकेला भेट दिली. पुढच्याच वर्षी एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज यांच्या कारखान्याने आपली विजेची खुर्ची बाजारात आणली.

ज्यांची बोटेही हलत नाहीत, त्यांच्यासाठी दांडा हनुवटीपाशी आला. मग श्वास कामाला आला. स्टोक मँडव्हिललाच १९६० च्या सुमारास रेज मेलिंग यांनी एक यंत्र केले. तोंडातल्या नळीत फुंकर घालावी किंवा हवा ओढावी, की घंटा वाजे, दिवा लागे, रेडिओ सुरू होई, टाइपरायटरही चाले. त्याचे नाव ‘पॉसम’. लॅटिन भाषेत याचा अर्थ ‘मला जमते’! खुर्च्याही पुढे याच युक्तीने चालू लागल्या.

आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला १९७४ साली मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता आल्या पाहिजेत, असे २०१६ चा कायदाही सांगतो. पण श्वासावर चालणारी खुर्चीसुद्धा तीन पायऱ्यांपुढे अडते. तिथे पुन्हा चार माणसे बोलवावी लागतात, आणि बसणाऱ्याची मर्जी पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाते. तेव्हा घर, शाळा, कचेरी, देऊळ बांधताना पायऱ्यांशेजारी एक उतरण ठेवायला विसरू नये. क्लाइनसाहेबांचे उरलेले काम ते एवढेच, आणि त्याला इंजिनिअर लागत नाही, गवंडी पुरतो.