अक्षोट, अक्ष आणि लोहगडवाडीचें रान

जुन्या वैद्यक पोथ्यांत ‘अक्ष’ व ‘अक्षोट’ हे दोन शब्द येतात. पान कसरीनें खाल्लें किंवा नकलकाराची लेखणी चुकली, कीं एकाचा दुसरा होण्यास वेळ लागत नाहीं. वस्तु मात्र सर्वथा भिन्न आहेत. अक्षोट म्हणजे अक्रोड. अक्ष म्हणजे बेहडा. यांपैकीं आपल्या डोंगरांतला वृक्ष कोणता, हें ठरविल्यावांचून पाठाचा निर्णय होत नाहीं. मावळांतील लोहगडवाडी हें स्थळ समोर ठेवून हा विचार करूं.

वाडीच्या माथ्यावरील लोहगड सुमारें ३,४०० फूट उंच आहे. हिमालयांत अक्रोड साधारणतः एवढ्याच उंचीपासून वर आढळतो. त्यामुळें तो येथेंही होत असावा, अशी कल्पना होणें स्वाभाविक आहे. परंतु उंची हें एकच कारण पुरेसें नव्हे. अक्रोडाचीं पानें हिवाळ्यांत झडतात आणि पुढील कळी फुटण्यास कित्येक आठवडे कडक थंडी लागते. त्यास खोल व पाणी न साचणारी माती हवी. मावळांत तसा हिवाळा नाहीं. पावसाळ्याचे चार महिने धो धो वृष्टि, आणि कातळावर मातीचा थर पातळ. शिवाय या झाडावर नर व मादी फुलें वेगळीं असून बहुधा एकाच वेळीं पक्व होत नाहींत. परागवहन वाऱ्यानें होतें. म्हणून एखादें झाड कोणीं जगविलें, तरी तेवढ्यानें भरपूर फळ येईल असें नाहीं.

ग्रंथांची साक्षही अशीच आहे. कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे हत्ती अक्षोटांना बांधले ते कांबोज देशांत. मलयाच्या वर्णनांत मिरी व वेलदोडे आहेत, अक्षोट नाहीं. चरकानें अक्षोटाची गणना वातामाबरोबर, म्हणजे बदामाबरोबर, केली आहे. अमरसिंह त्यास पर्वतावर होणारा पीलु म्हणतो. परंतु तेथील ‘गिरि’ म्हणजे सह्याद्रि असें समजण्यास आधार नाहीं.

बेहडा मात्र सह्याद्रीच्या रानांतला जुना रहिवासी आहे. अमरकोशांत त्याचीं कर्षफल, भूतावास, कलिद्रुम हीं नांवें आहेत. प्राचीन द्यूताचे फांसे याच्याच फळांचे असत. नलोपाख्यानांत ऋतुपर्ण बेहड्याचीं पानें व फळें मोजून दाखवितो, आणि नलाच्या देहांतून निघालेला कलि त्याच वृक्षांत शिरतो. तेव्हांपासून तो वृक्ष निंद्य ठरला, असें ती कथा सांगते.

अक्रोडाच्या छायेविषयींही रोमन ग्रंथकार प्लिनी यानें प्रतिकूल लिहिलें आहे, व त्याखालीं निजूं नये अशी समजूत युरोपांत होती. तिला थोडा आधार असावा; कारण अक्रोडाच्या पानांत व मुळांत असलेलें द्रव्य कांहीं वनस्पतींची वाढ खुंटवितें. उलट काश्मीरचे पंडित महाशिवरात्रीस अक्रोड पाण्यांत भिजवून पूजेंत ठेवतात व प्रसाद म्हणून वांटतात. यास्तव एका वृक्षाची वा एका देशाची लोककथा दुसऱ्यास लावूं नये. बेहड्याचें भूत अक्रोडावर बसवूं नये.

आणखी एक घोंटाळा ‘रान अक्रोडा’चा. हा मलाया द्वीपसमूहाकडील, एरंडाच्या कुळांतील वृक्ष. आपल्याकडे बागांतून लावलेला दिसतो. याचा कच्चा गर जुलाब आणणारा आहे. केवळ नांवावरून तो अक्रोडाऐवजीं योजणें धोक्याचें होईल.

पोथी वाचतांना शब्दाचे शेजारी पाहावेत. हिरडा व आंवळा सोबत असतील, तर ‘अक्ष’ म्हणजे बेहडा. बदाम व द्राक्षें असतील, तर अक्षोटाचा संशय घ्यावा. ‘अक्षमात्र’ असें असेल, तर तें फळच नव्हे. सोळा माषांचें, म्हणजे एका कर्षाचें, वजन होय. येथें फळ समजून औषध दिल्यास मात्रा बिघडते.

लोहगडावर नाना फडणिसांनीं शके १७११ (इ. स. १७८९) मध्यें बाव बांधविल्याचा शिलालेख आहे. अशा नांदत्या गडाच्या कागदांत उद्यां अक्रोडाचा उल्लेख मिळाला, तरी त्यानें व्यापार सिद्ध होईल, लागवड नव्हे. संग्राहकांस विनंति इतकीच, कीं संशयित जागीं शब्द परस्पर न सुधारतां मूळ अक्षरें जशींच्या तशीं उतरावींत आणि आपला तर्क समासांत लिहावा.