सांगावा कुणाचा, कुणापर्यंत?

माझा आजा येसकरकी करीत असे. गावात कुणी मयत झाले की हातात घुंगरांची काठी घेऊन पाहुण्यांच्या गावी कोस-दोन कोस चालत जायचे, अंगणाबाहेर उभे राहून सांगावा द्यायचा आणि मिळालीच तर भाकर घेऊन परतायचे. सरकारी अंमलदार येणार असला तर त्याची वर्दी द्यायची तीही त्यानेच. साऱ्या गावाचे दळणवळण असे महाराच्या पायांवर चालत होते. त्या सांगाव्यात महाराचे स्वतःचे म्हणून काही नव्हते. दुसऱ्याचे मरण, दुसऱ्याचे लग्न आणि दुसऱ्याचा हुकूम तो वाहून नेई. महारवतन कायद्याने १९५८ साली संपले. पण हा पायी चालणारा माणूस त्याच्या तीसेक वर्षे आधीच स्वतःचा सांगावा घेऊन निघाला होता. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना सभेत काय बोलले गेले याची आपण तपशिलाने चर्चा करतो. सभा भरणार आहे हे लोकांना कळले कसे, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

वृत्तपत्रांतून कळणे अवघडच होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच नंतर नोंदवून ठेवले आहे. ज्यांच्या हातात छापखाना त्यांच्याच हातात वेस, हा अनुभव तेव्हा पहिल्यांदा आला असे नव्हे. पण या वेळी त्यावर उपाय म्हणून स्वतःचे पत्र उभे होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘समता’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे आली, ती विचारांची पत्रे होती तशीच वर्दीचीही होती. अंक गावात एकच यायचा, वाचता येणारा एखाद-दुसराच असायचा, आणि तो वाचायचा ते मोठ्याने. त्यामुळे एका प्रतीचे वाचक किती हे मोजायचे तर चावडीबाहेर बसलेली माणसे मोजावी लागतील.

महाडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तळे होते तिथेच, तसेच राहिले. ठराव झाला तरी तो ज्याच्यासाठी झाला त्याच्या कानावर गेला नाही, तर तो दप्तरात पडून राहतो. १९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेआधी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी डोंगरदऱ्यांतून वाडी-वाडी हिंडत होते. लष्करातून परतलेले पेन्शनर लोक हा त्यांचा मोठा आधार. हजारो माणसे महाडला आली ती या पायपिटीमुळे.

अशा उघड्या सांगाव्याला किंमत मोजावी लागते, हेही महाडनेच दाखविले. आपल्याला कळले ते विरोधकांनाही कळले. २० मार्चला तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला तो ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठवून. डिसेंबरच्या परिषदेपूर्वी विरोधकांनी न्यायालयाचा मनाई हुकूम आणला. मंडपाला जागा मिळेना, ती अखेर एका मुसलमान गृहस्थाने दिली. इतके होऊनही परिषद गुपचूप भरवावी असे कुणाच्या मनात आले नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती मंडपासमोर, सर्वांदेखत.

नागपूरचा हिशोब तर आजही थक्क करणारा आहे. धर्मांतराची तारीख आणि जागा बाबासाहेबांनी पत्रकाने जाहीर केली ती २३ सप्टेंबर १९५६ रोजी. दीक्षा १४ ऑक्टोबरला. मधे अवघे एकवीस दिवस! तेवढ्यात खेड्यापाड्यांतून लाखोंचा समाज पांढरी वस्त्रे नेसून नागपुरात पोहोचला. पत्रक ‘प्रबुद्ध भारता’तून गेले, गिरणीतल्या माणसाने गावी पत्र टाकले, बाजाराच्या दिवशी कुणी सांगितले, जलशातल्या शाहिराने सांगितले. यांतली कोणतीही एक वाट बुजली असती तरी दुसऱ्या तीन शिल्लक होत्या. पुढे पँथरच्या काळात भिंती रंगल्या, हस्तपत्रके निघाली. भिंत वाचायला कुणाची परवानगी लागत नसे.

आज सांगावा फोनवर येतो. मी या साधनाचा द्वेष्टा नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यासंबंधीच्या २० मार्च २०१८ च्या निकालानंतर २ एप्रिलचा भारत बंद झाला, त्यामागे कुणी एक मोठा पुढारी नव्हता. हातोहाती फिरलेल्या संदेशांनी तो घडविला. पण त्याच दिवशी पंजाबात मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले होते. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम ही एकाच मालकाची तिन्ही दारे सुमारे सहा तास एकदम बंद पडली. जून २०२३ च्या अखेरीस ट्विटरने खाते नसलेल्यांना काही काळ वाचूही दिले नाही. एकच वाट ठेवली की असे होते. आणि वाट चालू असतानाही आत कोण, बाहेर कोण हे गटाचा चालक ठरवितो, आणि कुणाला काय आधी दाखवायचे हे मालकाची यंत्रे ठरवितात.

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी माझेच सांगतो. दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या थकबाकीविषयी आम्ही काही प्राध्यापकांनी वस्तीतल्या विहारात सभा ठेवली. एक रंगीत चित्र तयार करून गटावर टाकले. निळ्या खुणा भराभर उमटल्या, आम्ही निर्धास्त झालो. सभेला चौदा जण आले, त्यांतले अकरा पगारदार. दुसऱ्या दिवशी विहाराच्या मागच्याच आळीतली माझी एक विद्यार्थिनी वर्गाबाहेर थांबून विचारती झाली, “सर, काल आमच्याकडं कशाची मीटिंग होती?” तिचीच शिष्यवृत्ती अडली होती. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर जातो. आजा मैलोगणती चालून दुसऱ्याच्या अंगणात सांगावा देत होता. त्याच्या शिकलेल्या नातवाला विहारामागची आळी गाठता आली नाही.

एक दुखणे इतिहासाच्या शिक्षकाचे. महाडच्या परिषदेविषयी आज लिहिता येते, कारण छापलेले काही उरले. खैरमोड्यांसारख्या माणसाने कागदन् कागद जपला. आमच्या त्या चित्रावर ‘येत्या रविवारी, सायं. ६’ एवढेच होते. महिना नाही, साल नाही. अक्षरे चित्रात कोंडलेली, म्हणून शोधून सहसा सापडत नाहीत, आणि फोनकडून मजकूर वाचवून घेणाऱ्या अंध माणसाला तिथे बहुधा काही ऐकू येत नाही. फोन बदलला की तेही गेले. पन्नास वर्षांनी कुणी या दशकातल्या आपल्या सभांचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्या हाती काय लागेल?

कार्यकर्त्यांची आपसातली बोलणी बंद दाराआड असावीत, पोलिसांचा आणि गावगुंडांचा अनुभव असणाऱ्याला हे सांगायला नको. परंतु जी सभा सर्वांसाठी आहे तिची वर्दी दाराआड असण्याचे कारण काय? आता आम्ही आधी साधा मजकूर लिहितो: वार, तारीख, साल, पूर्ण पत्ता, विषय, एक फोन नंबर. तो आमच्या स्वतःच्या एका साध्या संकेतस्थळावर ठेवतो. तिथे खाते लागत नाही, स्वस्त फोनवरही ते उघडते, आणि ज्याला हवे तो तिथून तारीख आपल्या फोनच्या दिनदर्शिकेत घेऊ शकतो. ज्यांचे फोन साधे आहेत त्यांना तोच मजकूर एसएमएसने जातो. गटावरही जातो, पण सर्वांत शेवटी. पाचशे हस्तपत्रके रेशन दुकानाशी आणि नाक्यावर वाटली जातात आणि प्रत्येकाची एक प्रत विहाराच्या कपाटात फाईल होते.

विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचे काम त्या विद्यार्थिनीने मागून घेतले आहे. मागच्या सभेला एक म्हातारी आली, तिला अक्षर येत नाही. फळ्यापुढे उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना ‘काय लिवलंय रं?’ विचारीत होती; तिसऱ्या पोराने थांबून वाचून दाखविले.