आकाशातील आरसे : निष्क्रिय परावर्तक उपग्रह आणि हौशी रेडिओ

संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या उपग्रहांचे दोन प्रकार मानले जातात. सक्रिय उपग्रह जमिनीवरून आलेला क्षीण संदेश ग्रहण करतो, त्याची शक्ती वाढवतो आणि तो पुन्हा पृथ्वीकडे पाठवतो. निष्क्रिय परावर्तक उपग्रहात मात्र संदेश ग्रहण करणारी वा पाठवणारी कोणतीही यंत्रणा नसते. आरशावरून प्रकाश परावर्तित व्हावा, तशा रेडिओलहरी त्याच्या पृष्ठभागावर आदळून परततात. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय तो एका विशिष्ट कंप्रतेशी बांधलेला नसल्याने एकाच वेळी अनेक केंद्रे त्याचा उपयोग करू शकतात. परवानाधारक हौशी रेडिओचालकांना, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींना, या कल्पनेचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेच्या ‘नासा’ने १२ ऑगस्ट १९६० रोजी सोडलेला ‘इको-१’. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलर या प्लास्टिकचा हा फुगा कक्षेत पोहोचल्यावर फुगवण्यात आला. त्याचा व्यास सुमारे ३० मीटर होता. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ध्वनिमुद्रित संदेश त्याच्यावरून परावर्तित होऊन कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीत पोहोचला. हा फुगा रात्री नुसत्या डोळ्यांनीही दिसत असे. १९६४ साली सोडलेल्या ‘इको-२’चा व्यास ४१ मीटर होता.

या पद्धतीची मर्यादा भौतिकशास्त्रातच आहे. लहरी उपग्रहाकडे जाताना पसरतात आणि परावर्तित झाल्यावर सर्व दिशांना पुन्हा पसरतात. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की परतणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. त्यामुळेच ‘इको’साठी प्रचंड अँटेना आणि किलोवॅटच्या घरातील शक्तीचे प्रक्षेपक लागले. १९६२ साली ‘टेलस्टार’ या सक्रिय उपग्रहाने हेच काम कितीतरी सोपे केले आणि फुग्यांचे महत्त्व ओसरले.

परावर्तकांचा दुसरा प्रयोग वादग्रस्त ठरला. अमेरिकी लष्करासाठी ‘एमआयटी’च्या लिंकन प्रयोगशाळेने आखलेल्या ‘वेस्ट फोर्ड’ प्रकल्पात मे १९६३मध्ये तांब्याच्या कोट्यवधी सुया सुमारे साडेतीन हजार किलोमीटर उंचीवर विखुरण्यात आल्या. सुमारे पावणेदोन सेंटिमीटर लांबीच्या या सुयांचा पट्टा लहरी परावर्तित करील, असा हेतू होता. संदेश पोहोचलाही, परंतु आकाशनिरीक्षणात व्यत्यय येईल म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतले. सर्वांना वापरता येणारा आरसा सर्वांच्या आकाशाला अडथळाही ठरू शकतो, हे त्यातून दिसले. १९६७च्या बाह्य अवकाश करारात, एका देशाच्या प्रयोगाने इतरांच्या कार्याला बाधा येण्याची शक्यता असल्यास आधी विचारविनिमय करण्याची तरतूद आहे. सुयांचे काही पुंजके आजही कक्षेत आहेत.

हौशी रेडिओचालकांना मात्र एक परावर्तक आयताच उपलब्ध होता, तो म्हणजे चंद्र. १९४६ साली अमेरिकी लष्कराने चंद्रावरून रडारचे प्रतिध्वनी मिळवले होते. ‘इको-१’च्या उड्डाणाच्या महिनाभर आधी, जुलै १९६०मध्ये, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथील हौशी रेडिओचालकांच्या दोन गटांनी १२९६ मेगाहर्ट्झवर चंद्रामार्फत दुतर्फा संपर्क साधला. लहरींना या फेरीस सुमारे अडीच सेकंद लागतात, आणि चंद्रावर पडलेल्या शक्तीचा जेमतेम ७ टक्के भाग परावर्तित होतो. त्यामुळे अनेक दशके हे काम मोठ्या अँटेनांपुरतेच मर्यादित राहिले.

दैनंदिन संपर्कासाठी हौशी रेडिओने सक्रिय उपग्रहांचाच मार्ग स्वीकारला. १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडलेला ‘ऑस्कर-१’ केवळ मोर्स संकेत पाठवत असे, तर १९६५चा ‘ऑस्कर-३’ आलेले संदेश पुढे पाठवू लागला. भारताचा ‘हॅमसॅट’ ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६ने कक्षेत गेला आणि २०१४पर्यंत कार्यरत राहिला. या उपग्रहांना दूरवरून ऐकण्यासाठी लहान अँटेना पुरतो. पण त्यांची बॅटरी संपली की सेवाही संपते.

चंद्राच्या बाबतीत ती भीती नाही. नोबेल पारितोषिक विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि स्वतः हॅम असलेले जोसेफ टेलर यांनी २००१ सालापासून विकसित केलेल्या संगणकप्रणालीमुळे कानाला ऐकूही न येणारे संकेत गोंगाटातून वेगळे काढता येतात. परिणामी घराच्या छतावरील माफक अँटेनांनीही चंद्रामार्फत संपर्क साधणे शक्य झाले आहे.